विषाणूचा पाठलाग

एड्सच्या विषाणूचे जीवनचक्र दाखवणारी आकृती आपल्यापैकी अनेकांनी फळ्यावर काढली असेल. डाव्या बाजूला एक काटेरी गोळा, म्हणजे एचआयव्ही. तो रक्तातील पांढऱ्या पेशीला चिकटतो. त्याचे बाहेरचे आवरण पेशीच्या पटलात मिसळून जाते आणि आतले शंकूच्या आकाराचे कवच पेशीद्रव्यात उतरते. पुढच्या बाणाजवळ लिहिलेले असते, ‘कवच सुटते, आरएनए मोकळा होतो.’ मग आरएनएवरून डीएनए तयार होतो, तो केंद्रकात शिरतो आणि पेशीच्या डीएनएला जोडला जातो.

ही आकृती वर्षानुवर्षे पुस्तकांतून छापली गेली. तिच्यातील बहुतेक पायऱ्या आजही बरोबर आहेत. मात्र ‘कवच सुटते’ ही पायरी चुकीच्या जागी दाखवली जात होती, असे २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसून आले. कवच पेशीद्रव्यात सुटत नाही. ते जवळजवळ अखंड स्थितीत केंद्रकाच्या दारापर्यंत जाते, दारातून आत शिरते आणि आत गेल्यावर उघडते.

यावर एखादा विद्यार्थी विचारेल, “सर, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षे कुणालाच कशी दिसली नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना विषाणू ‘पाहणे’ म्हणजे नेमके काय, हेही आपल्याला समजून घेता येईल.

आधी मोजमाप

एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. एचआयव्हीचा व्यास साधारण १२० नॅनोमीटर. हे आकडे मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. म्हणून आपण एक प्रमाण ठरवू : ३० नॅनोमीटर म्हणजे १ सेंटिमीटर.

या प्रमाणात एचआयव्ही होतो ४ सेंटिमीटरचा, म्हणजे एका लिंबाएवढा. ज्या टी पेशीत तो शिरतो ती सुमारे तीन मीटर व्यासाची, एखाद्या खोलीएवढी. या खोलीतील बरीचशी जागा एका मोठ्या गोल कोठीने व्यापलेली आहे. ती कोठी म्हणजे केंद्रक. कोठीच्या भिंतीला जागोजागी छिद्रे आहेत. पेशीद्रव्य आणि केंद्रक यांच्यातील सगळी ये-जा या छिद्रांतूनच चालते.

लिंबाच्या आत एक शंकू आहे. त्याची लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर आणि रुंद बाजूचा व्यास सुमारे दोन सेंटिमीटर. विषाणूचा आरएनए आणि त्याला लागणारी विकरे या शंकूत बंद असतात. हा शंकू एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे १५०० प्रतींनी बनलेला आहे. त्या प्रती षट्कोनांत आणि पंचकोनांत मांडलेल्या असतात. षट्कोन अडीचशेच्या आसपास, पण पंचकोन मात्र नेमके बारा. वर्गात फुटबॉल असेल तर त्यावरचे काळे पंचकोन मोजून पाहायला सांगा. तेही बाराच भरतील. नुसत्या षट्कोनांनी बंद आकार तयार होत नाही. त्याला वळवून मिटवायला बारा पंचकोन लागतात. फुटबॉलवर ते सारख्या अंतरावर असतात. विषाणूच्या कवचात पाच निमुळत्या टोकाला आणि सात रुंद टोकाला असतात, म्हणून त्याचा शंकू होतो.

भिंगाची मर्यादा

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला आणखी मोठे भिंग लावले, तर विषाणू दिसेल का? दिसणार नाही. याचे कारण भिंगात नसून प्रकाशातच आहे.

तळ्यात उभी असलेली लव्हाळ्याची काडी आठवा. लाटा तिच्याजवळून जातात आणि काडी तिथे नसल्यासारख्याच पुढे सरकतात. तिथे मोठा खडक असेल तर मात्र लाटा अडतात आणि खडकामागे शांत पाणी राहते. लाटेच्या लांबीच्या मानाने वस्तू फार लहान असेल, तर लाट तिची खबर पुढे नेत नाही. प्रकाशाचेही असेच आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की, तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावरील दोन बिंदू सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर येते. आपल्या प्रमाणात ती साडेसहा सेंटिमीटर, लिंबाहून मोठी! प्रतिमा कितीही मोठी केली तरी डाग तेवढा मोठा होईल, त्यातला तपशील वाढणार नाही.

इलेक्ट्रॉनांचा झोत

प्रकाशाची लाट लांब पडते, तर आखूड लाट वापरू. लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये मांडले की, इलेक्ट्रॉनसारखे कणही लाटेप्रमाणे वागतात. एक लाख व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी एका नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. त्यांचा झोत काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय क्षेत्राने वळवता येतो. या तत्त्वावर मॅक्स नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. अर्न्स्टचे धाकटे भाऊ हेल्मुट डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये तंबाखूच्या पानावरील विषाणूच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्याआधी विषाणूचे अस्तित्व गाळणीतून आरपार जाणारा रोगकारक घटक म्हणूनच माहीत होते. आता त्याचा आकार दिसला.

जून अल्मीडा यांनी १९६० च्या दशकात याच साधनाने माणसाच्या कोरोना विषाणूभोवतीचे मुकुटासारखे काटे दाखवले. त्यांचे औपचारिक शिक्षण सोळाव्या वर्षी थांबले होते. विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एचआयव्ही प्रथम दिसला तोही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच. आणि २०२० च्या आरंभी भारतात कोविडचे रुग्ण सापडले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी रुग्णाच्या घशातील नमुन्यात तो विषाणू याच पद्धतीने पाहिला.

पण या साधनाची एक मोठी अडचण आहे. इलेक्ट्रॉनांचा झोत हवेत विखुरतो, म्हणून नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. पोकळीत पाणी उडून जाते. त्यामुळे नमुना आधी रसायनांनी घट्ट करायचा, वाळवायचा आणि उठाव यावा म्हणून त्याला जड धातूंचे क्षार लावायचे. विषाणूचा आकार दिसतो, पण ज्या पेशीत त्याची हालचाल चाललेली असते ती पेशी केव्हाच मेलेली असते. शंकू पेशीत उतरल्यानंतर कुठे गेला, हे अशा एका चित्रावरून सांगता येत नाही.

दिवा लावलेला विषाणू

रात्री दूरच्या घाटात गाडी चाललेली असते. गाडीचा आकार आपल्याला दिसत नाही. पण दिवा दिसतो, आणि त्यावरून गाडी कोणत्या वळणावर आहे ते कळते. विषाणूला असा दिवा लावता आला तर?

हा दिवा समुद्रातील एका जेलीफिशकडून मिळाला. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तिच्यातील हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्या प्रथिनाचे जनुक दुसऱ्या सजीवांत घालून तिथेही ते चमकते, हे दाखवले. रॉजर त्सिएन यांनी त्यातून निरनिराळे रंग तयार केले. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. योगायोग असा की, एचआयव्हीच्या शोधाबद्दलचे वैद्यकाचे नोबेलही त्याच वर्षी दिले गेले.

विषाणूच्या एखाद्या प्रथिनाला हे चमकणारे प्रथिन जोडले की जिवंत पेशीतला एकेक विषाणू ठिपक्यासारखा दिसतो आणि त्याचा तासन् तास माग काढता येतो. ठिपका २०० नॅनोमीटरहून लहान दिसत नाही, हे खरे. पण ठिपक्याचा मध्य कुठे आहे, हे मात्र पुष्कळ अचूक सांगता येते.

याच कल्पनेतून पुढची पायरी आली. दिवाळीत अंगणात ओळीने पणत्या लावल्या आणि पुष्कळ दुरून पाहिले, तर उजेडाचा एकच पट्टा दिसेल. पण त्या एकेक करून लावल्या आणि विझवल्या, तर प्रत्येकीची जागा टिपून घेता येईल. नंतर सगळ्या खुणा एकाच कागदावर मांडल्या की संपूर्ण ओळ स्पष्ट होईल. चमकणारे रेणू असेच थोडे थोडे उजळवून २०-३० नॅनोमीटरचा तपशील मिळवता येतो. एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांचे काम या वाटेने गेले. स्टेफान हेल यांनी दुसरी युक्ती केली. प्रकाशाच्या ठिपक्याची कड दुसऱ्या, वड्यासारख्या आकाराच्या किरणाने विझवायची आणि मधला लहानसा भाग तेवढा चमकता ठेवायचा. या तिघांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आबे यांचा नियम मोडला गेला नव्हता, त्याला वळसा घातला गेला होता.

अरुंद दाराचे कोडे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कवच पेशीद्रव्यातच सुटते असे शास्त्रज्ञ का मानत होते? त्यांची दोन कारणे भक्कम होती.

एक, १९९० च्या दशकात लागण झालेल्या पेशी फोडून विषाणूचा डीएनए वेगळा केला जाई, तेव्हा त्याच्यासोबत कवचाचे प्रथिन जवळजवळ सापडतच नसे. दोन, केंद्रकाच्या छिद्राचे माप. वेगळ्या काढलेल्या केंद्रकपटलावर मोजलेल्या छिद्राचा व्यास ४० नॅनोमीटरच्या आसपास भरला होता. शंकू रुंद बाजूला ६० नॅनोमीटर. आपल्या प्रमाणात दार सव्वा-दीड सेंटिमीटरचे आणि सामान दोन सेंटिमीटरचे. सामान आत गेले आहे हे तर दिसते. मग ते दाराबाहेर सोडूनच आत नेले असणार, हा निष्कर्ष सरळ होता.

पण एक निरीक्षण त्यात बसत नव्हते. एचआयव्हीच्या कुळातले काही विषाणू पेशीचे विभाजन होण्याची वाट पाहतात. त्या वेळी केंद्रकपटल विरघळते आणि आत जायला वाट मिळते. एचआयव्ही मात्र विभाजन न होणाऱ्या पेशींनाही लागण करतो. २००४ मध्ये अमेरिकेतील मसाहिरो यामाशिता आणि मायकेल एमरमन यांनी एचआयव्हीचे कवच काढून त्या जागी उंदराच्या एका विषाणूचे कवच बसवले. तेव्हा एचआयव्हीची ही क्षमता गेली. जे कवच दाराबाहेरच टाकून दिले जाते, त्यावर आत जाणे कसे अवलंबून असेल?

चमकणाऱ्या ठिपक्यांनी पुढचा पुरावा दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील विनय पाठक यांच्या गटाने २०२० मध्ये कवचाच्या प्रथिनालाच हिरवा दिवा लावला. दिवा पेशीद्रव्यात विझला नाही. तो केंद्रकात गेला, तिथे काही तास राहिला, आणि विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएला जोडला जाण्याच्या दीड तासाहून कमी वेळ आधी, जोडणीच्या जागेजवळच विझला. म्हणजे कवच तिथेच सुटले.

तरीही शंका उरते, आणि ती रास्त आहे. ठिपक्याला आकार नसतो. आत गेले ते पूर्ण कवच, की त्याचे चिकटून राहिलेले तुकडे? हे ठरवायला आकार पाहायला हवा, तोही पेशीच्या आत, आणि नेमका दारात असताना.

गोठवलेला क्षण

पेशी निर्वात पोकळीत नेताना तिच्यातले पाणी उडू नये, म्हणून ती गोठवावी, हा विचार जुनाच. पण बर्फ होताना पाण्याचे स्फटिक बनतात आणि ते पेशी फाडून टाकतात. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो, तो याचमुळे. झाक दुबोशे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोडगा काढला. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या द्रव इथेनमध्ये नमुन्याचा पातळ थर झटक्यात बुडवला, तर पाण्याच्या रेणूंना स्फटिकात रचले जायला वेळच मिळत नाही. पाणी काचेसारखे घट्ट होते. १९८४ मध्ये त्यांच्या गटाने या पद्धतीने विषाणूंच्या प्रतिमा घेतल्या. न रंगवलेले, न वाळवलेले विषाणू, पाण्यात होते तसेच. दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पेशी या थराहून कितीतरी जाड असते. ती गोठवायला वातावरणाच्या दोन हजारपट दाब द्यावा लागतो आणि पाहण्यासाठी तिचे पातळ काप करावे लागतात. तो काप सूक्ष्मदर्शकात एका बाजूला ६० अंशांपासून दुसऱ्या बाजूला ६० अंशांपर्यंत थोडा थोडा कलवत अनेक प्रतिमा घेतात आणि संगणकाने त्या जुळवून त्रिमिती रूप उभे करतात. रुग्णालयातील सीटी स्कॅनचे तत्त्व हेच आहे. तिथे यंत्र माणसाभोवती फिरते, इथे नमुना कलतो.

पण तीन मीटरच्या खोलीत साडेतीन सेंटिमीटरचा शंकू शोधायचा कुठे? जर्मनीत हायडेलबर्गच्या हान्स-गेओर्ग क्रॉइस्लिश यांच्या आणि फ्रँकफुर्टच्या मार्टिन बेक यांच्या गटांनी दोन्ही वाटा एकत्र केल्या. विषाणूच्या एका विकराला चमकणारे प्रथिन जोडले, टी पेशींना लागण केली आणि पेशी दाबाखाली गोठवून त्यांचे काप केले. आधी प्रकाश सूक्ष्मदर्शकाने कापात ठिपका कुठे आहे ते पाहिले. मग नेमक्या त्याच जागी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रोखला. दिव्याने जागा सांगितली, इलेक्ट्रॉनांनी आकार.

२०२१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. केंद्रकाच्या छिद्रात अखंड शंकू दिसले. आणि केंद्रकाच्या आत दिसले ते आकार बदललेले, उघडलेले कवचासारखे अवशेष.

दाराचे माप

मग ४० नॅनोमीटरच्या दाराचे काय? याच गटाने गोठवलेल्या पेशी आयनांच्या झोताने तासून पातळ केल्या आणि केंद्रकाची छिद्रे पेशीतच मोजली. व्यास सुमारे ६४ नॅनोमीटर भरला. शंकू जेमतेम मावेल इतका.

आधीचे मोजमाप निष्काळजीपणाचे नव्हते. पण त्यासाठी केंद्रकपटल पेशीतून बाहेर काढावे लागे. जिवंत पेशीत ते ताणलेले असते. बाहेर काढल्यावर ताण जातो आणि छिद्रे आकसतात. झोळी दोन्ही हातांनी ताणून धरली असताना तिचे तोंड मोजा आणि सोडून दिल्यावर मोजा. दोन्ही मापे अचूक असतील, पण एकच नसतील.

छिद्र रिकामे नसते. प्रथिनांच्या लवचिक धाग्यांची दाट जाळी त्यात भरलेली असते आणि ती ओळखीच्या वाहक रेणूंनाच वाट देते. गोटिंगेनच्या डिर्क ग्योर्लिश यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवले की, एचआयव्हीचे कवच स्वतःच अशा वाहकासारखे वागते. विषाणू दार फोडत नाही. घरच्या माणसासारखा आत जातो.

हे कळून काय साधले?

२०२४ च्या अखेरीस जगात सुमारे चार कोटी माणसे एचआयव्हीसह जगत होती. त्यांच्या दृष्टीने कवच कुठे सुटते हा प्रश्न केवळ आकृतीपुरता नाही. कवच प्रवेशानंतर लगेच टाकून दिले जात असते, तर औषधाने गाठावे असे ते लक्ष्य फारसे ठरले नसते. ते केंद्रकापर्यंत सोबत राहते, म्हणजे त्याला गाठायला पुष्कळ संधी मिळते.

लेनाकापाविर हे औषध कवचाच्या प्रथिनांमधील खाचेत बसते. त्यामुळे कवच गरजेपेक्षा ताठ होते आणि त्याचे काम बिघडते. नवे विषाणू तयार होतानाही कवच नीट जुळत नाही. इतर औषधांना दाद न देणाऱ्या एचआयव्हीवरील उपचारासाठी त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील एका चाचणीत २१३४ तरुण स्त्रियांना लागण टाळण्यासाठी ते सहा महिन्यांतून एकदा टोचले गेले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्यांच्यापैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. हे औषध वर सांगितलेल्या चित्रांमुळे सापडले, असे मात्र म्हणता येणार नाही. कवचाच्या रचनेचा अभ्यास आणि औषधाचा शोध बरीच वर्षे शेजारी शेजारी चालला होता. औषध नेमके कोणत्या पायरीवर आघात करते हे समजायला चित्रांनी मदत केली.

वर्गात काय सांगावे?

जीवनचक्राच्या आकृतीत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. विषाणूचा गोळा, शंकू, केंद्रक ही पाहिलेली चित्रे आहेत. त्यांना जोडणारे बाण मात्र तर्काने काढलेले आहेत. गोठवलेल्या कापात दारातला शंकू दिसला, पण तो आत ‘जाताना’ कुणी पाहिलेला नाही. शंकू बाहेर, शंकू दारात, आत उघडलेले कवच, अशी निरनिराळ्या पेशींतील स्थिर चित्रे आणि जिवंत पेशीतील ठिपक्याची वाटचाल जुळवून तो बाण काढला आहे. ही निरीक्षणे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतील आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पुढच्या वेळी ही आकृती काढाल, तेव्हा शंकू केंद्रकाच्या आत नेऊन मग उघडा. नंतर विद्यार्थ्यांना एक काम द्या. आकृतीतील प्रत्येक बाणाला क्रमांक द्यायचा आणि त्यापुढे लिहायचे, ‘हे कुणी, कोणत्या साधनाने पाहिले असेल? त्या साधनाने नमुन्यात काय बदल केला असेल?’ सगळी उत्तरे मिळणार नाहीत. पण झोळीचे तोंड ताणून आणि सैल सोडून मोजलेल्या मुलांना दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ नक्की कळेल.